हिमालयाची हवा, चार कॉलम आणि माझी चूक

आज एक कबुली द्यायची आहे. पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात पोलीस भरतीची किंवा सैन्य भरतीची तयारी करणारं पोरगं-पोरगी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. या उन्हाळ्यात लेह-लडाख, केदारनाथ, अमरनाथचं बुकिंग केलेल्यांनीसुद्धा वाचा.

मागच्या नोव्हेंबरात मी एक बातमी दिली होती. चार कॉलम, रंगीत फोटो. मथळा मीच काढला होता: ‘आता तालुक्यातच मिळणार हिमालयाची हवा’. आपल्याकडच्या एका भरती अकॅडमीनं ‘अल्टिट्यूड बॅच’ सुरू केली होती, त्याची ती बातमी. फोटोत वीस-पंचवीस पोरं-पोरी एका ओळीत उभी, सगळ्यांच्या तोंडावर काळा रबरी मास्क, मास्कला दोन्ही बाजूंना गोल झडपा. फोटो भारी आला होता, हे आजही कबूल करतो. फेसबुकवर टाकला तेव्हा तुमच्यापैकीच साताठशे लोकांनी लाईक केला होता.

आता आतली गोष्ट. त्या महिन्यात आमच्या वर्धापनदिनाची पुरवणी होती. तालुका प्रतिनिधीला पगार किती असतो आणि जाहिरातीचं टार्गेट किती असतं, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. अकॅडमीवाल्यानं अर्धं पान जाहिरात दिली आणि वर म्हणाला, “साहेब, एक चांगली बातमीपण लावा.” मी लावली. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आमचे सर फळ्यावर सहा ‘क’ लिहायचे: कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. मी पहिले पाच विचारले. शेवटचा विचारला नाही. तोंडाला रबर बांधल्यावर आपल्या गावात हिमालय कसा काय येतो, हे मी विचारलंच नाही.

बातमी आल्यावर माझ्या चुलत बहिणीनं तिच्या पोरीला त्या बॅचला घातलं. बहीण शिलाईकाम करते, दाजी बाजार समितीत हमाली करतात. महिन्याची फी दोन हजार, मास्कचे अठराशे वेगळे. बचत गटातून पैसे उचलले. पोरगी एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, पोलीस व्हायचं एवढंच डोक्यात. भरतीच्या मैदानी चाचणीचे एकूण ५० गुण असतात, त्यातले २० मुलींसाठी ८०० मीटर धावण्याला. म्हणजे दोन-अडीच फेऱ्यांवर आयुष्य टांगलेलं.

फेब्रुवारीत एका सकाळी साडेसहाला बहिणीचा फोन आला. पोरगी मैदानावर पडली होती. मास्क लावून तिसरा राउंड चालू होता. डोळ्यांपुढं अंधारी आली, गुडघ्यावर बसली आणि आडवी झाली. मी पोचलो तोवर शुद्धीवर होती, ओठ पांढरे पडलेले. प्रशिक्षक म्हणत होता, “काही नाही, बॉडी अल्टिट्यूडला अॅडजस्ट होतेय.”

बहिणीनं माझ्याकडं बघितलं आणि एवढंच बोलली, “दादा, तूच छापलं होतंस ना?”

त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.१. तिच्या वयाच्या बाईला १२ च्या वर पाहिजे. डॉक्टरीणबाईंनी मास्क हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि म्हणाल्या, “हिला हिमालय कशाला पाहिजे? हिच्या अंगात आधीच लेह-लडाख आहे.”

मला ते तेव्हा नीट कळलं नाही. मग मी ते काम केलं जे नोव्हेंबरात करायला पाहिजे होतं. वाचलं, विचारलं, फोन केले. जे समजलं ते साध्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट. उंचावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं असं आपण म्हणतो, ते तसं बरोबर नाही. समुद्रकिनाऱ्यावर हवेत जवळपास २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि एव्हरेस्टच्या टोकावरही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, तिथं दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच्या आसपास. एव्हरेस्टवर एक तृतीयांश. दाब कमी म्हणजे हवा विरळ, आणि हवा विरळ म्हणजे एका श्वासात ऑक्सिजन कमी येतो.

अशा हवेत माणूस राहायला लागला की त्याच्या मूत्रपिंडाला कळतं, माल कमी येतोय. मग मूत्रपिंड एक संप्रेरक सोडतं, एरिथ्रोपोएटिन. ते हाडांतल्या मज्जेला सांगतं, तांबड्या पेशी वाढव. तांबड्या पेशी म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजन वाहणाऱ्या गाड्या. गाड्या वाढल्या की तोच खेळाडू खाली उतरून पळताना जास्त दम धरतो. उंचावरच्या सरावाची मुख्य जादू ती एवढीच. पण गाड्या वाढायला वेळ लागतो. रोज बारा तासांच्या वर, सलग तीन-चार आठवडे विरळ हवेत काढावे लागतात. सकाळी तासभर पळून हे होत नाही.

जगाला हे ठळकपणे कळलं १९६८ साली. त्या वर्षी ऑलिम्पिक मेक्सिको शहरात झालं, उंची साधारण २,२४० मीटर. दहा हजार मीटरमध्ये पहिला आला केनियाचा नफ्ताली तेमू, दुसरा इथिओपियाचा मामो वोल्डे. दोघंही उंच पठारांच्या देशांतले. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क म्हणजे त्या काळातला लांब पल्ल्याचा राजा, विक्रमांवर विक्रम नावावर. तो सहावा आला आणि रेषा ओलांडून कोसळला, त्याला ऑक्सिजन लावावा लागला. १,५०० मीटरला केनियाच्या किप केइनोनं अमेरिकेच्या जिम रायनला मागं टाकलं. तेव्हापासून जगभरचे धावपटू सरावाला डोंगरावर जायला लागले. आपले राष्ट्रीय धावपटू उटीला जातात, तेही याचसाठी. उटीची उंचीही मेक्सिको शहराएवढीच आहे.

आता यातली गंमत बघा. उंचावर राहिल्यानं रक्त सुधारतं, पण उंचावर जोरात पळता येत नाही. दम लवकर जातो, वेग घटतो, पायांना वेगाची सवय राहत नाही. म्हणून १९९७ साली लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन या दोघा संशोधकांनी अमेरिकेत ३९ धावपटूंवर प्रयोग केला. एका गटाला चार आठवडे २,५०० मीटरवर राहायला ठेवलं आणि पळायला खाली १,२५० मीटरवर आणलं. त्यांची ५,००० मीटरची वेळ सरासरी तेराएक सेकंदांनी सुधारली. उंचावर राहून उंचावरच सराव केलेल्या गटाला तो फायदा झाला नाही. तेव्हापासून शास्त्र असं झालं: झोपा वर, पळा खाली.

ज्यांना डोंगरावर राहणं जमत नाही अशा मोठ्या खेळाडूंसाठी खास तंबू आणि खोल्या असतात. यंत्रानं आतल्या हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आसपास आणतात. खेळाडू त्यात रात्रभर झोपतो. काही जण अशा खोलीत व्यायामही करतात, पण बोटाला ऑक्सिमीटर लावून आणि शेजारी जाणकार माणूस ठेवून.

मग आपल्या अकॅडमीतला मास्क काय करतो? तो ऑक्सिजन कमी करतच नाही. बाहेर जी हवा आहे तीच आत येते, तेच २१ टक्के, दाबही तोच. मास्क फक्त हवेची वाट अरुंद करतो. नळी चिमटीत धरून पाणी प्यायल्यासारखं. पाणी तेच, ओढायला त्रास जास्त. २०१६ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या एका विद्यापीठात २४ जणांवर सहा आठवडे हा मास्क तपासला. मास्कवाल्यांचा आणि बिनमास्कवाल्यांचा, दोघांचाही दम सुधारला, कारण दोघांनीही मेहनत केली होती. दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. मास्कवाल्यांच्या रक्तातही हिमोग्लोबिन वाढलं नाही. संशोधकांचं म्हणणं, हा मास्क श्वासाच्या स्नायूंना थोडा व्यायाम देत असेल, डोंगराची नक्कल मात्र करत नाही.

म्हणजे माझा मथळा सरळसरळ खोटा होता. त्या मास्कमध्ये हिमालय नव्हता. फक्त घुसमट होती.

त्या अकॅडमीत अजून एक प्रकार चालायचा, तोही मी बातमीत कौतुकानं लिहिला होता. पत्र्याच्या शेडची दारं-खिडक्या लावून आत जोर-बैठका. ‘लो ऑक्सिजन रूम’ म्हणायचे. अशा बंद शेडमध्ये आधी वाढते ती गरमी, दमटपणा आणि माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड. डोकं दुखतं, मळमळतं आणि पोरांना वाटतं, आपण आज लई भारी केलं. आता एप्रिल चालू आहे, ऊन चाळिशीच्या पार गेलंय. उद्या त्या शेडमध्ये कुणी उष्माघातानं गेलं तर त्याची बातमीही मलाच करायची आहे.

मग मी आपल्या गावातल्या सुभेदारसाहेबांकडं गेलो. साहेब पंचवीस वर्षं फौजेत होते, त्यातली काही सियाचीनच्या बाजूला. बातमीचं कात्रण दाखवलं. चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि हसले.

म्हणाले, “पत्रकार, तोंडाला रबर बांधून हिमालय चढता आला असता, तर आम्हाला चौदा दिवस बसवून ठेवलं असतं का?”

सैन्याची पद्धत अशी. नऊ हजार ते बारा हजार फुटांवर पहिले सहा दिवस. मग पंधरा हजारापर्यंत आणखी चार. त्याच्या वर जायचं तर अजून चार. पहिले दोन दिवस तर नुसती विश्रांती. वीस-बावीस वर्षांचा तगडा जवान, पण त्याला बसवूनच ठेवायचं. साहेब म्हणाले, “जो जास्त फिट असायचा तोच लवकर आडवा व्हायचा. कारण तो म्हणायचा, मला काय होतंय, आणि पहिल्याच दिवशी पळायला जायचा.” फिट असणं वेगळं आणि उंचीला सरावणं वेगळं, हे मला त्यांच्या ओट्यावर कळलं.

हे मी लेह-लडाखवाल्या मित्रांसाठी मुद्दाम लिहितोय. आपल्या गावातले दहा-बारा जण जूनमध्ये बुलेट घेऊन खारदुंगलाला निघालेत. त्यातल्या दोघांनी हाच मास्क मागवलाय, जिममध्ये लावून ट्रेडमिलवर पळतात. भावांनो, दम वाढवा, चांगलंच आहे. पण खारदुंगला ५,३०० मीटरच्या वर आहे आणि तुम्ही राहता ते गाव पाचशेवर. महाराष्ट्रात सगळ्यात उंच जागा कळसूबाई, ती १,६४६ मीटर. शिखरावरच मुक्काम ठोकला तरी लेहची तयारी होत नाही. तिथली तयारी तिथंच जाऊन करावी लागते. लेहला उतरल्यावर दोन दिवस झोपा, पाणी प्या, दारू नको. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नका. डोकं दुखतंय, ओकारी येतेय, चालताना झोक जातोय, बसल्या जागी धाप लागतेय, असं काही झालं तर ‘होईल कमी’ म्हणू नका. खाली उतरा. खाली उतरणं हेच मुख्य औषध आहे. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, अमरनाथची गुहा त्याहून उंच. आपल्याकडच्या आत्या-मावश्या तिथं एका दमात वर जाऊन एका दमात खाली यायचं म्हणतात. त्यांनाही हे सांगा.

आता परत भाचीकडं येतो.

डॉक्टरीणबाई जे म्हणाल्या ते मला आता कळलंय. डोंगरावर हवेतला माल कमी असतो. हिच्या अंगात गाड्याच कमी होत्या. हवा चांगली, फुप्फुसं चांगली, पण वाहून न्यायला तांबड्या पेशीच पुरेशा नाहीत. ती बिचारी रोज सकाळी आपल्या पाचशे मीटरच्या गावात डोंगरावर पळाल्यासारखी पळत होती. वर आम्ही तिच्या तोंडाला रबर बांधलं.

यातही एक गोष्ट सगळ्यात जास्त लागली. मोठे खेळाडू उंचावर सरावाला जायच्या आधी रक्तातलं लोह तपासून घेतात. कारण अंगात लोहच नसेल तर मज्जा नव्या पेशी बनवणार कशाच्या? खऱ्या हिमालयात नेलं असतं तरी या पोरीला फायदा झाला नसता. आणि ही एकटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे आकडे बघा, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. म्हणजे मैदानावर सकाळी पळणाऱ्या दहा पोरींत चार-पाच जणी तरी अशा असू शकतात, आणि त्यांना ओरडून सांगितलं जातं, “दम नाही तुझ्यात.” दम आहे हो, रक्त नाही.

मार्चपासून तिला गोळ्या चालू झाल्या. सरकारी दवाखान्यातल्याच, फुकटच्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गोळी चहाबरोबर नको, जेवणानंतर लगेच चहा नको, लिंबू-आवळा खा, भाकरीबरोबर पालेभाजी आणि उसळ पाहिजे, जमलं तर आठवड्यातून अंडी. सुरुवातीला पळणं बंद, नुसतं चालणं. मग हळूहळू धावणं. मास्क बहिणीनं माळ्यावर टाकला.

ऑक्टोबरात ती ८०० मीटर ३ मिनिटं २० सेकंदांत पळायची. अडीच महिने मास्क लावून पळल्यावर फेब्रुवारीत वेळ आली ३ मिनिटं २४. परवा माझ्यासमोर पळाली, मोबाईलवर वेळ मीच लावली होती. ३ मिनिटं ८ सेकंद. हिमोग्लोबिन आता १०.९. अजून बारा झालेलं नाही, अजून पूर्ण गुणांची वेळ आलेली नाही. पण चेहऱ्यावर रंग आलाय. पळून झाल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “मामा, आता श्वास पुरतो.”

पूर्ण सुधारणा गोळ्यांमुळेच झाली असं मी म्हणणार नाही. मास्क काढल्यावर ती वेगानं पळायला लागली, हेही कारण असेल. आठशे मीटरला वेग लागतो, आणि घुसमटत पळणारा माणूस वेगात पळूच शकत नाही. थोडक्यात काय, दोन महिने आम्ही तिला हळू पळायला शिकवत होतो आणि त्याचे पैसे घेत होतो. आम्ही म्हणतोय, कारण त्या पैशांतला अर्धं पान जाहिरातीचा वाटा माझ्या पेपरला आणि त्यावरचं कमिशन मला मिळालं होतं.

अकॅडमीवाल्याला जाऊन भेटलो. माणूस वाईट नाही. स्वतः तीनदा भरतीला पडलेला, व्हिडिओ बघून मास्क आणलेला. म्हणाला, “साहेब, पोरांना काहीतरी वेगळं दिसलं की अॅडमिशन होतं.” खरंय त्याचं. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेत पायी-पळत जायचा, पुढं फौजेत गेला, सियाचीनला राहिला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य घेऊन आला. त्याचा फोटो या अकॅडमीच्या फ्लेक्सवर आहे. प्रत्येक बापाला वाटतं, आपल्या पोराचंही असं व्हावं. त्या वाटण्याचे अठराशे रुपये होतात.

कुणाचं यावर लक्ष आहे का, म्हणून दोन सरकारी कार्यालयांत विचारून आलो. पहिल्यानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं, दुसऱ्यानं पहिल्याकडं. आपल्याकडं किराणा दुकानाला परवाना लागतो. शे-दीडशे पोरांना पहाटे पाचला पळवणाऱ्याला मात्र साधं कुणी येऊन विचारत नाही की बाबा, कुणी पडलं तर काय करणार?

माझ्याकडून दोन गोष्टी. एक, नोव्हेंबरची बातमी चुकीची होती, असा खुलासा मी पेपरला पाठवलाय. चार कॉलम मिळणार नाहीत हे माहीत आहे, एका कॉलमात आला तरी तो इथं टाकेन. दोन, बहिणीचे अठराशे रुपये मी परत दिले. ती घेत नव्हती. मी म्हणालो, हा माझा दंड आहे.

तुमच्याकडून एवढंच पाहिजे. अकॅडमीत नाव घालायच्या आधी पोराचं, आणि पोरीचं तर नक्कीच, एकदा रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात होतं. सर म्हणाले ‘अल्टिट्यूड’, तर विचारा, सर, ते कसं काय होतं? उत्तर पटलं नाही तर पैसे खिशात ठेवा आणि त्याची अंडी आणा. आणि पेपरात कुठं ‘आता आपल्या गावातच’ असं वाचलं, माझ्या नावानं असलं तरी, मला फोन लावून विचारा, कसं?

तो सहावा ‘क’ मी विसरलो होतो. यापुढं विसरलो तर आठवण करून द्या.